रस्ता चांगला नाही, बाजी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि आठवीच्या वर्गातली एक मुलगी आली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. ही मुलगी मराठीत हुशार. निबंधाला कोणताही विषय द्या, ती त्यात आपली बकरी, आपले वावर आणि आपली आजी आणणारच. चिखलीपासून पाच किलोमीटरवरच्या एका लहान गावातून ती यायची. गावाचे नाव लिहीत नाही. असे गाव तुमच्याही शेजारी असेलच.

तिच्या अब्बांना शाळेत बोलावले. मजुरी करणारा सरळ माणूस. दारातच उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "रस्ता चांगला नाही, बाजी. मुलगी मोठी झाली आता."

त्यांना समजावण्यासाठी मी तोंड उघडले आणि तसेच मिटले. त्या रस्त्याबद्दल मला काय माहीत होते? काहीच नाही. माझे माहेर खामगावचे, म्हणजे घाटाखालचे. लग्न होऊन चिखलीत, म्हणजे घाटावर आले त्याला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. माहेरी जायचे तर एस.टी., कचेरीच्या कामाला बुलढाण्याला जायचे तर एस.टी., दवाखान्यासाठी छत्रपती संभाजीनगरला जायचे तर भाड्याची गाडी. जिल्हा माझ्यासाठी एका स्टँडपासून दुसऱ्या स्टँडपर्यंत होता. मधले सगळे खिडकीबाहेर पळणारे. ज्या गावातून माझ्या वर्गातल्या तीन मुली रोज येत होत्या, ते गाव मी कधी पाहिलेले नव्हते.

मी म्हटले, "भाईजान, रविवारी मी येते. चालत येते."

आठशे वीस पावले

रविवारी फज्रनंतर मी आणि माझे मिस्टर निघालो. त्यांचे पाण्याच्या मोटारी बांधायचे दुकान आहे, त्यामुळे आजूबाजूचे शेतकरी त्यांना ओळखतात. ते सोबत होते म्हणून मला धीर होता, हे कबूल करते.

पहिले साडेतीन किलोमीटर डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली रिकामी वावरे, कुठे हरभरा उगवून आलेला, तुरीला पिवळा फुलोरा. रस्त्यावर माणसे होती. दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली, शेळ्या घेऊन निघालेली म्हातारी, जागलीहून घरी परतणारे शेतकरी. रोही आणि रानडुकरे पिकात शिरतात म्हणून इकडे रात्र वावरात काढावी लागते. प्रत्येकाने थांबून विचारले, "कुठी चालले मॅडम, गाडी बंद पडली का?" चालत जाणारी शिक्षिका त्यांनीही पाहिलेली नव्हती.

मग नाला आला. त्यावर रपटा. रपट्यानंतर चढ, आणि चढापुढे रस्ता एका टेकाडाला वळसा घालतो. त्या वळणावर एकही घर नाही, वावरातली झोपडी नाही. एका बाजूला बंद पडलेली मुरमाची खदान, आणि खदानीच्या तोंडाशी रिकाम्या बाटल्यांचा ढीग. मी पावले मोजू लागले. टेकाड संपून पुन्हा पहिले घर दिसेपर्यंत आठशे वीस पावले झाली.

पाच किलोमीटरला आम्हाला एक तास वीस मिनिटे लागली. पण त्या मुलीच्या अब्बांचा "रस्ता" पाच किलोमीटरचा नव्हता. तो या आठशे वीस पावलांचा होता. बाकी सगळा रस्ता माणसांनी भरलेला होता.

घरी चहा झाला. मुलीच्या अम्मीने हळू आवाजात सांगितले की सुट्टीआधी मोटारसायकलवरच्या दोघांनी त्या वळणावर मुलींजवळ येऊन गाडी हळू केली होती. बोलले काही नाहीत. नुसते सोबत सोबत चालत राहिले. मुलीने घरी येऊन सगळे खरे सांगितले, आणि शाळा बंद झाली. मुलगी दाराआड उभी होती. मला म्हणाली, "बाजी, मी सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं."

बहिणींनो, हे वाक्य मला अजून सोडत नाही. वाट अडवली दुसऱ्यांनी, खरे सांगितले मुलीने, आणि घरात बसवले तिलाच. पुढच्या वेळी ती खरे सांगेल का? आणि तिचे पाहून तिची धाकटी बहीण सांगेल का?

परतताना तिच्या अम्मीने दुसरी वाट दाखवली. गावामागून नाल्याच्या काठाने जाणारी पाणंद, बैलगाडी जाईल एवढी रुंद, दोन्हीकडून बाभळी. खदानीचे वळण तिला लागतच नाही आणि अंतरही अर्धा-पाऊण किलोमीटर कमी. मध्यावर एका मावशीचे वावर आहे. नवरा वारलेला, एक म्हैस, दोन शेळ्या, झोपडीतच राहणे. आम्ही मुलींची गोष्ट काढली तेव्हा ती म्हणाली, "येऊ द्या की पोरी इकडून. मी दिवसभर इथंच असतो. माही म्हैस कुठी जाते अन् मी कुठी जातो?"

ही वाट गावातल्या सगळ्यांना ठाऊक होती. शाळेत मात्र कोणालाच नव्हती, कारण शाळेतून कोणी तिथवर चालत गेलेच नव्हते. मुलींनीही ती कधी धरली नव्हती, कारण पावसाळ्यात तिथे गुडघाभर गारा होतो. चिखलीला चिखली का म्हणत असतील ते काळ्या मातीत पाय रुतल्यावर सांगावे लागत नाही. पण दसऱ्यानंतर ती वाट कोरडी ठणठणीत असते.

चाळिशीनंतरची सायकल

त्या रविवारनंतर मला घरी बसवेना. डॉक्टरांनी रक्तातली साखर काठावर आली आहे, चालत जा, असे आधीच बजावले होते. मग दर रविवारी एक गाव ठरवू लागलो. आठ-दहा किलोमीटरच्या पुढची गावे चालून होईनात, तेव्हा मुलीची पडून असलेली सायकल काढली.

खामगावला सातवीपर्यंत मी सायकल चालवत होते. एके दिवशी अम्मीने ती भावाला दिली. कोणी रागावले नाही, कोणी काही बोलले नाही. मी मोठी झाले होते, एवढेच. तीस वर्षांनी शाळेच्या मैदानावर पहाटे पुन्हा बसले. तोल दहा मिनिटांत आला. शरीर विसरत नाही. रस्त्यावर न्यायचे धाडस यायला मात्र दोन महिने लागले. पहिल्याच दिवशी दूध घ्यायला उभ्या असलेल्या सगळ्या मंडळींसमोर पडले. एका माजी विद्यार्थ्याने सायकल उचलून दिली आणि काळजीने विचारले, "बाजी, स्कुटी बिघडली का?"

ज्यांना प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी कपड्यांचे सांगते. बुरख्याचा किंवा ओढणीचा घोळ चेनमध्ये आणि मागच्या चाकात जातो, धोका तोच. म्हणून लेडीज सायकल घ्यावी. तिला पुढचा आडवा दांडा नसतो, पूर्ण चेनकव्हर असते आणि मागच्या चाकावर जाळी बसवून मिळते. मी सलवार-कुर्ता, वर सैल लांब कोट आणि पिन लावलेला स्कार्फ घालते. सीट इतकी उंच ठेवावी की पॅडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ होईल. आपल्याकडे बायका सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. बाभळीचा काटा रोजचाच, तेव्हा पंप, सोल्युशन आणि पंक्चरचे तुकडे पिशवीत हवेतच. पंक्चर काढायला मी आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या चाचांकडून शिकले. पैसे घेईनात. म्हणाले, शिकवायचे पैसे तू तरी कुठे घेतेस मुलांकडून? मी म्हटले, चाचा, सरकारकडून घेते.

घाटावर, घाटाखाली

आपला बुलढाणा जिल्हा तेरा तालुक्यांचा. आपण सहज बोलून जातो, "घाटावरचे" आणि "घाटाखालचे". अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे असे दोन भाग केले आहेत. हे मी मुलांना नकाशावर बोट ठेवून शिकवत आले. सायकलने ते माझ्या पायांना शिकवले.

चिखली ते बुलढाणा बावीस-तेवीस किलोमीटर. एस.टी.त तो रस्ता सपाट वाटतो. सायकलवर प्रत्येक चढ मोजून वसूल केला जातो. बुलढाण्याच्या अलीकडे येळगावचे धरण लागते. हे पाणी पैनगंगेचे. ही नदी बुलढाणा तालुक्यातच मढ गावाजवळ डोंगरात उगम पावते. पुढे मेहकर, मग वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड असा प्रवास करून ती वर्धा नदीला मिळते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. बुलढाणा ओलांडून मलकापूरच्या रस्त्याला लागले की राजूर घाट. तिथे कठड्याशी सायकल उभी करून खाली पाहिले. पलीकडच्या उतारावर पडलेले पाणी नळगंगेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला. एकाच सरीतले दोन थेंब. डोंगरमाथ्याच्या अलीकडे पडलेला पूर्वेच्या समुद्राला जातो, पलीकडे पडलेला पश्चिमेच्या. ही रेघ मी लग्नानंतर शेकडो वेळा ओलांडली असेल, माहेरी जाताना, डुलकी घेत.

पूर्णेचीही गंमत आहे. आपल्या जिल्ह्याला दोन पूर्णा आहेत. घाटाखालची तापीला मिळणारी, आणि घाटावरून दक्षिणेकडे वाहणारी, जिला आपण खडकपूर्णा म्हणतो, ती मराठवाड्यातून गोदावरीला. परीक्षेत मुले दोघींचा गोंधळ करतात. आता मी त्यांना म्हणते, चढ कोणत्या बाजूला लागतो ते आठव, उत्तर येईल.

माती बदलते तेही सायकलवर कळते. टेकाडावर मुरमाड, हलकी, लालसर जमीन. उतरून नाल्याकाठी आलो की काळी, भारी जमीन. आधी टायरचा आवाज बदलतो, मग पीक. फाल्गुनात पळस पेटलेले असतात आणि त्याच दिवसांत सैलानीच्या वाटेवर पायी चाललेले जथे भेटतात. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, मुसलमानांइतकेच हिंदूही येतात. दर्ग्यावरच्या प्रथांबद्दल आपल्या वाचकांत वेगवेगळी मते आहेत. त्यात मी शिरत नाही. पण चालणाऱ्या माणसाला रस्त्यावरचे लोक कसे वागवतात ते तिथे पाहिले. कोणी पाणी पाजतो, कोणी सावलीला बसवतो, कुठून आलात एवढेच विचारतो. शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीतल्या वारकऱ्यांनाही हेच लोक असेच पाणी पाजतात.

साखरखेर्डा आणि लोणार

मेहकरच्या रस्त्याने लव्हाळ्यापर्यंत जाऊन दक्षिणेला वळले की साखरखेर्डा. चिखलीपासून तीस-पस्तीस किलोमीटर. आमची ती पहिली लांबची फेरी, लेक आणि मिस्टर सोबत. इतिहासाच्या पुस्तकात या गावाचे नाव सहसा एका ओळीत येते. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात लढाई झाली. पहिला बाजीराव निजामाच्या बाजूने होता. मुबारिझखान मारला गेला, आणि दख्खनमध्ये निजामाची स्वतंत्र सत्ता उभी राहिली, ती १९४८ पर्यंत टिकली. विजयानंतर गावाचे नाव फतहखेर्डा ठेवले गेले. गावात सोळाव्या शतकातली, खुदावंदखान महदवीने बांधलेली मशीद आहे.

एवढे मोठे राज्य जिथे ठरले, तिथे आम्ही बाजाराच्या दिवशी पोचलो. मिरच्यांचे ढीग, मेथीच्या जुड्या, शेळ्यांचा सौदा. लेकीने एका आजोबांना विचारले, लढाई कुठे झाली होती? आजोबा म्हणाले, "लढाई? रोजच चालू असते बाई, भाव कुठं भेटते?" जिंकणाऱ्याने दिलेले नाव जुन्या कागदांत राहिले. लोकांच्या तोंडी आजही साखरखेर्डाच आहे.

मागच्या हिवाळ्यात लोणार केले. साधारण पासष्ट किलोमीटर, एका दिवसात जमणार नव्हते. मेहकरला नणंदेकडे मुक्काम केला. पैनगंगेच्या काठचे हे गाव अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे होते. रात्री जेवताना नणदेच्या सासऱ्यांनी विचारले, "मग नमाज कसर करणार की पूर्ण?" त्यावरून सगळ्यांची छान चर्चा झाली. हनफी फिक्हमध्ये मुसाफिर कोण, तर पायी तीन दिवसांची वाट जाणारा. आजचे बहुतेक उलमा तिचा हिशोब अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे सत्त्याहत्तर किलोमीटरच्या आसपास धरतात. दिवसाला सोळा मैल, ही माणसाच्या पायांची ताकद धरून केलेली मोजणी. म्हणजे लोणार गाठूनही आम्ही मुसाफिर ठरत नव्हतो. पूर्ण नमाज पढलो आणि मांड्या मात्र मुसाफिराहून जास्त दुखल्या.

मला भाषेची शिक्षिका म्हणून यात वेगळाच आनंद झाला. अरबी-फारसीतली मंझिल म्हणजे एका दिवसाच्या चालीनंतरचा थांबा. आपण मराठीत "मजल दरमजल करत" म्हणतो, तो हाच शब्द. मुक्काम तिकडून आला, सराई तिकडून आली, आणि पिंपळगाव सराईसारख्या गावाच्या नावात बसून राहिली. "रस्ता" फारसी आहे आणि "वाट" आपली. दोन्ही शब्द मराठी माणूस एकाच दमात वापरतो, पायाखाली दोन्ही सारखेच.

लोणारचे विवर उल्केच्या आघाताने काळ्या बसाल्ट खडकात पडलेले. तोंडाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. कड्यावरून फेरी मारायची तर सहा किलोमीटरच्या आसपास चालावे लागते. तळाचे पाणी खारे, आणि काठावर गोड्या पाण्याची धार. त्याच गोड्या पाण्याने वुजू करून आम्ही जुहर पढलो. आईन-ए-अकबरीत लोणारच्या खाराचा उल्लेख आहे, काच आणि साबण बनवायला तो उपयोगी पडे. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले तेव्हा अफवांचा पूर आला होता. खार वाढल्यावर त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असे तपासणीत निघाले. त्याच वर्षी या सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. कुरआनने माणसाला जमिनीवर फिरून डोळे उघडे ठेवून पाहायला वारंवार सांगितले आहे. आपण ते तिलावतीत वाचतो. पण आपल्याच जिल्ह्यातले हे विवर माझ्या वर्गातल्या किती मुलांनी पाहिले होते? चाळीसपैकी सहा.

आपल्या जिल्ह्यातला सर्वांत मोठा पायी प्रवासी मात्र माणूस नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून जून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ सुमारे नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालला. तेलंगणातून, मराठवाड्यातून, शेतांतून आणि रस्ते ओलांडत तो बुलढाणा-खामगावच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हे कळले. लोकांनी त्याला "वॉकर" नाव दिले. ही गोष्ट सांगितली की वर्ग चिडीचूप होतो. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "बाजी, त्याला कोणी विचारलं नाही, एकटाच कुठी चालला?"

दुसरीकडे काय झाले

फ्रान्समध्ये खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या पायवाटांवर झाडांना आणि दगडांना पांढरा-तांबडा पट्टा रंगवलेला असतो. १९४७ पासून हे काम सुरू झाले, आणि आज तशा वाटा देशभर आहेत. पट्टे पाहत अनोळखी माणूस शेतांमधून, गावांमधून आठवडाभर चालू शकतो. गावातली कुटुंबे खोली आणि जेवण देतात, त्यावर त्यांना चार पैसे मिळतात. आपल्याकडे पाणंद आहे, शिवरस्ता आहे, गाडवाट आहे, पाऊलवाट आहे. फक्त त्यावर रंगाचा पट्टा नाही, आणि त्या वाटेवरून बाईमाणसाने सहज जावे अशी रीत नाही.

रीत बदलते का? तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या साक्षरता मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली गेली. हजारो बायका, त्यात मजुरी करणाऱ्या आणि मुसलमान घरांतल्याही, सायकलवर पाणी, भाजी आणि मुले घेऊन फिरू लागल्या. सुरुवातीला टोमणे होते, नंतर ते थांबले. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. अभ्यासकांनी पाहिले की त्यामुळे मुलींचे माध्यमिक शाळेत दाखल होणे जवळपास तीस टक्क्यांनी वाढले, आणि सर्वांत जास्त फरक शाळेपासून लांब असलेल्या गावांत पडला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात ठरावीक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. आपल्या तालुक्याचे काय आहे, ते मुख्याध्यापकांना विचारा. विचारले नाही तर कोणी घरी येऊन सांगत नाही.

आता ती मुलगी

ती परत आली. लगेच नाही. आम्ही आणखी दोनदा तिच्या गावी गेलो. तिसऱ्या वेळी तिच्या अब्बांना मी म्हटले, चला, पाणंदीने माझ्यासोबत चालत या. ते आले. मावशीच्या झोपडीशी थांबून पाणी प्याले, तिच्याशी बोलले, खदान कुठल्या बाजूला राहते ते मान वळवून पाहिले. पुढे काही बोलले नाहीत. सोमवारी मुलगी वर्गात होती.

दसऱ्यापासून परीक्षेपर्यंत ती आणि शेजारची एक मुलगी पाणंदीने सायकलवर येतात. शाळेत जादा तास आता सकाळी घेतो, संध्याकाळी नाही, म्हणजे उजेडातच घर गाठता येते. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हापासून दसऱ्यापर्यंत मात्र डांबरी रस्त्याशिवाय इलाज नाही. त्या महिन्यांत तिचे अब्बा रोज त्या आठशे वीस पावलांपुरते सोबत चालतात आणि रपट्यापासून कामाला वळतात. शाळा सुटायच्या वेळी पुन्हा रपट्यावर येऊन उभे राहतात. पाणंदीवर मुरूम पडावा म्हणून गावाने अर्ज दिला आहे, अजून काही हललेले नाही. मुलगी यंदा दहावीला आहे.

तिसरी मुलगी मात्र आली नाही. तिच्या घरीही गेलो, चहाही झाला. तिचे अब्बा पाणंदीने चालायला तयार झाले नाहीत. उद्या येतो, परवा येतो, असे करत वर्ष गेले. प्रत्येक घर एका चालण्याने बदलते असे मी म्हणणार नाही. पण न चालता कोणते बदलले आहे?

बहिणींनो आणि भावांनो, एक विनंती. आपली मुलगी शाळेला, शिकवणीला, मदरशाला ज्या रस्त्याने जाते, त्या रस्त्याने या रविवारी तिच्यासोबत पायी चालून या. पुढे तिला चालू द्या आणि मागे तुम्ही राहा. ती कुठे वेग वाढवते, कुठे ओढणी सावरते, कुठे मान खाली घालते ते पाहा. तिथे थांबून पावले मोजा. मग त्या तेवढ्या पावलांचे काय करायचे ते घरात बसून ठरवा. सोबत द्यायची, वेळ बदलायची, दुसरी वाट धरायची, की चार घरांनी मिळून ग्रामपंचायतीत जायचे. आणि तिने काही सांगितले तर आधी तिला शाबासकी द्या.

वाट पाहून झाली की तशाच पुढे जा. पुढचे गाव, त्यापुढची टेकडी, नदीचा उगम. पाण्याची बाटली, गूळ-फुटाणे, जानमाज आणि पंक्चरचे सामान एका पिशवीत मावते. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत परता, पावसाळ्यात काळ्या मातीत सायकल घालू नका, चाक दोन मिनिटांत लिंपून जाते. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर पुष्कळ झाले.

मागच्या आठवड्यात त्या मुलीने निबंधाची वही दिली. विषय "माझा आवडता रस्ता". बकरी आणि आजी आहेतच. पण या वेळी मावशीची म्हैसही आली आहे, आणि ती रोज सकाळी कुठे उभी असते तेही लिहिले आहे. दहावीच्या परीक्षेसाठी तिच्याकरिता दुआ करा. पुढचे कॉलेज चिखलीतच आहे. त्याच वाटेने, पाच किलोमीटर. अल्लाह सगळ्या मुलींच्या वाटा सोप्या करो. आमीन.